मोटर तुझी, मत माझं

रावेर
14 डिसेंबर 2025

प्रिय दिल्या,

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतीच्या फुकट विजेवरून आपलं वाजलं, मी तिच्या बाजूने, तू विरोधात, आणि तू अर्धा मांडा ताटात टाकून उठलास. त्याला साडेसात महिने झाले. ना तू फोन केलास, ना मी. आई असती तर दोघांच्या पाठीत धपाटे घातले असते. माझी तब्येत बरी आहे, गुडघा तसाच, साखर ताब्यात. ते राहू दे. परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही, म्हणून लिहायला बसलोय.

शुक्रवारी एका कॉलेजात वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. जिल्हाभरातली पोरं आली होती. विषय काय असावा? ‘शेतीपंपांना मोफत वीज : योग्य की अयोग्य.’ फळ्यावर तो वाचला आणि तुझा आखाजीचा लालबुंद चेहराच समोर आला.

एक पोरगा बोलायला उठला. काय आवाज, काय हातवारे! म्हणाला, बड्या उद्योगांची कर्जं निर्लेखित होतात तेव्हा कोणी हूं की चूं करत नाही, मग शेतकऱ्याच्या पाच एचपीच्या मोटरवरच डोळा का? सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मीही टाळ्या वाजवल्या, आणि मुद्द्याच्या रकान्यात दहापैकी नऊ मांडले. का, माहीत आहे? तो माझाच मुद्दा होता. मी तुला ओसरीवर ऐकवलेला, जवळजवळ त्याच शब्दांत.

त्यानंतर अमळनेरकडची एक मुलगी आली. हातात कागद, आवाज इतका बारीक की माईक तिच्या तोंडाजवळ न्यावा लागला. तिने आधी हिशेब मांडला. 7.5 एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 पासून बिल माफ, पाच वर्षं. शेतकरी सुमारे 44 लाख, सरकारवर वर्षाचा बोजा 14,760 कोटी. भागाकार तिने कागदावर करून आणला होता : एका पंपामागे सरासरी साडेतेहतीस हजार रुपये. मग कागद खाली ठेवला आणि म्हणाली, “आमची तीन एकर कोरडवाहू कपाशी आहे. विहीर नाही, म्हणून मोटर नाही, म्हणून बिलही नव्हतं. मग आमचं काय माफ झालं?” तेवढ्यात घंटा वाजली. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण ती खाली बसली.

सादरीकरणाला मी तिला दहापैकी चार दिले. मुद्द्याला सहा. पोराला पहिलं बक्षीस, तिला उत्तेजनार्थसुद्धा नाही. जेवणात शेवभाजी होती, ती दोन वेळा मागून घेतली आणि घरी आलो.

या आठवड्यात आपल्या फीडरला, शेताच्या वीजवाहिनीला, रात्रीची पाळी होती. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते, स्टार्टरला ऑटोचं बटण लावलेलं आहे, तुझ्याच काळातलं. त्याच रात्री दोन वाजता जाग आली, का कोणास ठाऊक, आणि बॅटरी घेऊन बागेत गेलो. फिल्टरजवळचा जोड निसटला होता. पाणी केळीला जायचं सोडून बांधावरून नाल्याकडे चाललं होतं, घोट्याएवढं. थंडीने बोटं वळत नव्हती. बोअर मधूनच हवा फेकत होता, खोकला झालेल्या म्हाताऱ्यासारखा, आणि फिल्टरच्या गेजचा काटा थरथरत होता. किती वेळ वाहिलं असेल? दोन तास, तीन? मला त्याचा एक पैसाही पडला नव्हता. मी पाण्यात उभा आणि तुझं वाक्य कानात : “ज्याला पैसे पडत नाहीत ते कोणी मोजत नाही.”

पटकन शहाणा झालो असं समजू नकोस. जोड बसवला, मोटर बंद केली आणि कट्ट्यावर बसून तुझ्याशी भांडलो, मनातल्या मनात. कारण तुझा मुद्दाही त्या रात्री मला लंगडाच दिसला. तू म्हणालास, फुकट वीज दिली म्हणून रावेर-यावलचं पाणी संपतंय. अरे, आपल्या पट्ट्यातलं पाणी 2024 च्या कितीतरी आधीपासून खाली चाललंय. दोन्ही तालुके अतिशोषित, म्हणजे जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी उपसणारे, म्हणून कधीचे नोंदलेले आहेत. ज्या विहिरीत आपण उड्या मारायचो तिचा तळ तू शेत मला देण्याआधीच दिसायला लागला होता. आणि तेव्हा बिल कसं यायचं? एचपीवर. मोटर एक तास चालली काय नि आठ तास चालली काय, आकडा तोच. म्हणजे वाढीव तासाला तेव्हाही पैसा पडत नव्हता, आताही पडत नाही. बिल शून्य झालं म्हणून माझी मोटर एक तासही जास्त चाललेली नाही. ती लाईन असेपर्यंत चालते, तेव्हाही आणि आताही. दोष फुकटपणाचा म्हणशील तर तो 2024 चा नाही, न मोजण्याचा आहे, आणि तो फार जुना आहे. पंजाबचं उदाहरण तू दिलंस. तिथे वीज 1997 पासून, मधली काही वर्षं सोडली तर, फुकट, खरं आहे. पण तिथल्या भाताला हमीभावाने सरकारी खरेदीही आहे, पाणी त्यापायीही उपसलं जातं. आपल्या केळीला कोण आहे? बऱ्हाणपूरच्या केळी बाजारातला बोर्डाचा भाव खाली आला की घड झाडावरच पिकतो. एकाच कारणावर सगळं खापर फोडलं तर मुद्दा कच्चाच राहतो.

माझा मुद्दा तर त्याहून कच्चा होता. उद्योगांची कर्जं निर्लेखित करणं चूक असेल तर ती चूक. तेवढ्याने माझं शून्य बिल बरोबर ठरत नाही. टाळ्या त्यालाच जास्त पडतात, कारण ऐकणाऱ्याला आधीच राग आलेला असतो. आणि ‘बिलाने शेतकरी मरतो’ असं मी छाती बडवून म्हणालो होतो ना? खरं सांगतो, 2019 पासून मी बिल भरलंच नव्हतं. थकबाकीच्या कागदांचा गठ्ठा माळ्यावर आहे. जे मी भरतच नव्हतो ते माफ झाल्याने माझा जीव कसा वाचला?

या दोन्हींपेक्षा त्या मुलीचा मुद्दा भक्कम होता. राज्यातली सुमारे 80 टक्के शेती कोरडवाहू. ज्याच्याकडे पाणी आहे त्यालाच मदत, आणि जितकं पाणी जास्त तितकी मदत जास्त. हे उलटून दाखव म्हटलं तर मला येत नाही. एकच खोट काढता येते. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने धरतात, त्यामुळे ते साडेतेहतीस हजार सगळे शेतकऱ्याच्या पदरात पडतात असं नाही. पण त्याने तिचं म्हणणं पडत नाही, फक्त तिचा आकडा हलतो. पाणी संपतंय की नाही याबद्दलही ती काही बोललीच नाही. जेवढं सिद्ध करता येत होतं तेवढंच बोलली. याला मी सहा गुण दिले, दिल्या.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. 2004 आठवतं? निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंद्यांच्या सरकारने वीज फुकट केली, तेव्हा तू डीपीपाशी फटाके लावले होतेस. बाबूकाकाची गाय बुजून थेट मारुतीच्या पारावर चढली होती. आणि मी शाळेच्या पगारावर होतो, नळाला पाणी आलं की झालं, अशा घरात. मी तुला म्हणालो होतो, हा मतांचा धंदा आहे, पाण्याचं वाटोळं होईल. पुढच्या वर्षी माफी बंद झाली तेव्हा मी खूश आणि तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस.

मग 2011 ला तू शेत मला देऊन पुण्याला गेलास. तीच विहीर, तोच बोअर, तीच मोटर. 2024 ला तू माझं 2004 चं बोलणं बोलायला लागलास आणि मी तुझं. त्या रात्री कट्ट्यावर हे लक्षात आलं आणि पोटात खड्डा पडला. आपण दोघांनी वीस वर्षांत मुद्दा एकदाही तोलला नाही. मोटर ज्याच्या नावावर, मत त्याचं. सातबाऱ्याबरोबर तेही फिरलं. आखाजीला मी म्हणालो, “पुण्यात फ्लॅटमध्ये बसून शेतीचं सांगू नको.” तू म्हणालास, “तुला शून्याचं बिल आलं म्हणून गोड लागतंय.” दोन्ही खरं असेल, पण त्याने पाण्याचं किंवा पैशाचं काहीच ठरलं नाही. बायका ताटं वाढून बसल्या होत्या, दिल्या.

वादविवाद शिकवताना पाटील सर काय करायला लावायचे आठवतं? अर्धा तास एका बाजूने बोलायचं, अर्धा तास उलट्या बाजूने. तू त्यावर चिडायचास, म्हणायचास ही थिल्लर करमणूक आहे. मला आता वाटतं, त्यांना आपली जीभ नव्हे, कान तयार करायचे होते. ते असते तर शुक्रवारचा गुणांचा कागद त्यांना दाखवायला मी धजलो नसतो.

काल त्या कॉलेजात फोन केला. निकाल जाहीर झाला, ढाली वाटून झाल्या, आता बदलता येत नाही म्हणाले. बरोबरच आहे. पण त्यांच्या सरांकरवी त्या मुलीला पत्र पोचवता येईल. तुला एवढंच विचारायचं आहे, तिला काय लिहू? शाबासकी लिहिली तर ती दया वाटेल. मी म्हणतो, सरळ लिहावं की तुझा मुद्दा सर्वात भक्कम होता आणि परीक्षकाची मोटर पाच एचपीची आहे. वरून तो थकबाकीचा मुद्दाही सांगावा, पुढच्या वेळी तिला कामी येईल. तू मसुदा कर. तुझं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत कबूल केलं नाही, आता करतो.

फुकट वीज बंद करावी असं अजूनही मला म्हणता येत नाही. रात्रीऐवजी दिवसा लाईन द्या, पण मोजून द्या, आणि कोरडवाहूवाल्याला त्याच्या हिश्श्याचं काहीतरी द्या, एवढ्यापर्यंत आलोय. तुला यात कुठे माझी मोटर बोलताना दिसली तर खूण कर.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? चिंटूची बंगलोरची नोकरी टिकली? घराच्या हप्त्याचं मागे बोलला होतास, ते निपटलं असेल असं धरून चालतो. फोनवर सांग.

बामणोदची भरताची वांगी आली आहेत, पाच किलो आणि कळण्याचं पीठ उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने टाकतो, सकाळी स्टँडवरून उचल. वांगी काड्यांवरच भाज, गॅसवर नको. आणि ऑटोचं बटण मी काढलंय. आता लाईन आली की उठून जावं लागतं, आज रात्री अडीचची पाळी आहे, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
बापू