इम्युनिटीला ब्रेकही हवा

संपादक साहेब, नमस्कार.

जिकडे तिकडे इम्युनिटी वाढवा वाढवा चाललंय, पण ती वेळेत आवरावी पण लागते हे कुणीच सांगत नाही, म्हणून लिहितेय. उदाहरणच घ्या, शिस्टोसोमा नावाचा कृमी माणसाच्या रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं राहतो, त्याची अंडी लिव्हरमध्ये अडकतात आणि एकेका अंड्याभोवती पांढऱ्या पेशी जमून गाठ बनते, म्हणजे अंड्यातली घातक द्रव्यं पसरू नयेत म्हणून भिंतच घालतात, पण ही सूज आवरली नाही तर लिव्हर कडक होत जातं. रेग्युलेटरी टी पेशी (इम्युनिटीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि आयएल-१० (पेशींनी सोडलेलं, सूज कमी करणारं प्रथिन) हे या सुजेला ब्रेक लावतात. ब्रेक जास्त लागला तर कृमीचंच फावतं, हेही खरंय. याच रेग्युलेटरी टी पेशींवरच्या कामाला २०२५ चं नोबेल मिळालंय, आरोग्य पानावर सविस्तर छापा ना प्लीज.

– एक नियमित वाचक