गाडी तुझ्या ताब्यात देण्याआधी

ओतूर
२० सप्टेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू "जाऊ दे रे, लोखंडच ते, मोडायचंच" म्हणून मला अर्ध्यातच थांबवलं असतंस. म्हणून लिहितोय. दसऱ्याला पिकअप न्यायचं आपलं ठरलंय, टोकनही तू देऊन ठेवलंयस, आणि मधल्या दिवसांत गाडीचं मागचं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी दातांची चक्रं, गेलं. "काम करून घेतलंय" एवढंच बोलून तुझ्या हातावर चावी ठेवणं मला जमणार नाही. काय झालं ते पहिल्यापासून वाच आणि मग ठरव.

मागच्या आठवड्यात रात्री कोबी भरून कल्याणला निघालो होतो. माळशेज उतरताना रेस सोडली की मागून 'हूंऽऽ' असा आवाज यायचा, रेस दिली की बंद. आवाज नवा नव्हता. ऑगस्टमध्ये मागे रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर रबर चढवलेले, टायर टाकले, तेव्हापासून तो टायरचाच असं मी धरून चाललो होतो. पण टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, डांबरावर वेगळा, सिमेंटवर वेगळा. पायाखालच्या रेसवर बदलणारा आवाज हा दातांचा नाहीतर बेअरिंगचा. अण्णांनी हे मला पंधरा वर्षांपूर्वी शिकवलं होतं. माहीत असून मी ऐकलं नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

मोरोशी मागे पडलं. टोकावडं यायच्या आधी एका चढाला रेस दिली आणि खालून घण घातल्यासारखा दणका बसला. मग कडकड, कडकड. मागची चाकं एकदम धरली, भरलेली गाडी रस्त्याच्या कडेला फरफटली, मग चाकं सुटली. त्यानंतर गिअर टाकला की शाफ्ट फिरायचा, पण गाडी जागची हलायची नाही. अरे, हेच घाटातल्या एखाद्या वळणावर झालं असतं तर? त्या रात्रीपासून मी तोच विचार करतोय.

बॅटरी घेऊन खाली शिरलो. डिफरन्शियलचा लोखंडी डबा, म्हणजे हौजिंग, त्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतकी तापली होती. पिनियनच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या लहान दातेरी चक्राच्या, तोंडाशी ऑइल उडून फळ्यांचा खालचा भाग काळा झाला होता आणि गंधकाचा करपलेला वास येत होता. मागून येणाऱ्या मढच्या एका पिकअपवाल्याने गाडी थांबवली. ना ओळख ना पाळख, पण रात्री दीड वाजता माझ्याबरोबर सगळ्या गोण्या त्याच्या गाडीत चढवल्या. भाडं द्यायला लागलो तर डिझेलपुरतेच घेतले. माझी गाडी सकाळी क्रेनने मागची चाकं उचलून आणली. चाकं जमिनीवर ठेवून ओढली असती तर आतले तुकडे फिरून उरलंसुरलंही गेलं असतं.

मिस्त्रीने हौजिंगचा बोल्ट सोडला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. आधी पाणी आलं, मग दूध घातलेल्या चहासारखं ऑइल, तेही तांब्याभर. शेवटी त्याने बोट आत घालून बाहेर काढलं, तर बोटावर चांदीचा वर्ख चढल्यासारखा चुरा. पिनियनचे तीन दात मुळापासून गेले होते. पुढच्या बेअरिंगचे रोलर निळे पडले होते.

पाणी आत गेलं कसं, तर हौजिंगवर एक छोटा ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर व्हायला. आपला चिखलाने बुजला होता. त्यामुळे गाडी तापली की आतली हवा सील ढकलून ऑइल बाहेर काढायची. जुलैत मी भरून वाहणाऱ्या ओढ्यातून गाडी घातली होती, तुला सांगितलंही होतं मोठ्या तोऱ्यात. तापलेली हौजिंग गार पाण्यात गेली, आतली हवा आकसली आणि तिने त्याच ढिल्या सीलमधून पाणी ओढून घेतलं. पिनियन ज्या मोठ्या चक्राला फिरवतं ते क्राऊन. या क्राऊन-पिनियनचे दात नुसते फिरत नाहीत, एकमेकांवर घासत सरकतात. मध्ये ऑइलचा थर नसला की लोखंडावर लोखंड. त्यात मी पावसाळाभर टनाच्या गाडीत दीड टन भरत होतो. तेही लिहून ठेवतो.

अण्णा दर अमावास्येला गाडी धुवायचे, लिंबू-मिरची बदलायचे, नारळ फोडायचे, आणि त्याआधी न चुकता खाली झोपून हौजिंगचा वरचा बोल्ट काढून करंगळी घालायचे. ऑइल भोकाच्या काठाशी लागलं की मगच नारळ. गुडघे गेल्यापासून त्यांचं खाली जाणं बंद झालं. नारळ मी चालू ठेवला, करंगळी विसरलो. यंदा मोडलेलं पिनियन त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. बराच वेळ हातात घेऊन दात मोजत राहिले.

भंगारात एक अख्खी हौजिंग स्वस्तात मिळत होती. दात मोजले, तर क्राऊनला ३७ आणि पिनियनला ९. आपल्या गाडीला ४१ आणि ९. बसली असती, पण भरलेल्या गाडीची ओढ घाटात कमी झाली असती, आणि तू तर ती घाटातच चालवणार. म्हणून नवी जोडीच घेतली. ती जोडीनेच घ्यावी लागते. दोन्ही कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असतात, दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो. सगळी बेअरिंग, सील, ब्रीदरही नवा. दातांना रंग लावून ठसा बरोबर मध्यावर येईपर्यंत मिस्त्रीने शिम, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्या, दोनदा बदलले. दुसऱ्यांदा खोलायला लागल्यावर त्याच्या हाताखालचा पोरगा वैतागला, मिस्त्री नाही. असा माणूस मिळाला हे आपलं नशीब. एकूण २२,४०० रुपये झाले. ते माझे. त्याचा एक रुपयाही गाडीच्या किमतीत धरायचा नाही, यावर वाद घालू नकोस.

सध्या रिकामी चालवतोय. ३४० किलोमीटर झालेत. ८०० झाले की ऑइल काढून नवं भरायला मिस्त्रीने सांगितलंय, तोवर माल भरायचा नाही. दसऱ्याआधी होईल. रेस सोडून ऐकतो, आता काही आवाज नाही. काल आळेफाट्यापर्यंत काच खाली करून गेलो, नुसता वारा.

एवढं वाचून मन मागे आलं तर मोकळेपणाने सांग. टोकनची रक्कम मी आईकडे वेगळी काढून ठेवली आहे, तिला हातही लावलेला नाही. आणि गाडी घ्यायचीच असेल तर जुने कपडे घालून ये. मोडलेली जोडी पिशवीत जपून ठेवली आहे, ती आधी दाखवतो. मग दोघंही गाडीखाली जाऊ, बोल्ट तूच काढ, करंगळी तूच घाल. अण्णा बाहेर खुर्ची टाकून बसणार आहेत, त्यांनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
ओतूरचा दोस्त