मधलं घड्याळ

कोल्हापूर,
१४ मे

प्रिय दिल्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. कमिटीनं माझ्या गळ्यात एक लोढणं अडकवलंय. आपल्या पोहण्याच्या क्लबची स्मरणिका निघणार आहे, त्यात दहा पानांची 'वाटचाल' मी लिहायची. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं. छापणार कॉम्प्युटरवर, अक्षर कशाला लागतंय देव जाणे.

जुनी रजिस्टरं मागितली तर सेक्रेटरींनी एक पोतंच समोर ठेवलं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ फूट. त्यांच्या कुंभार गल्लीतल्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. पानं एकमेकांना चिकटून पार पापड झालेत. शाई फुटून सगळ्यांच्या वेळा एकमेकांत मिसळल्यात. तेव्हा वाटचाल काय ती आता तुझ्या-माझ्या डोक्यातच.

लिहायला बसलो आणि लक्षात आलं, आपलं सगळं घोडं भिंतीपाशीच अडलं होतं. आपण पवायला शिकलो पंचगंगेत. पाठीला तरंगायला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, आणि एक दिवस मास्तरांनी न सांगता दोरी सोडलेली. पुराचं पाणी पुलाच्या खुणेला टेकून मच्छिंद्री झाली की शिवाजी पुलावरनं उड्या ठोकणारी पोरं आपल्याच गल्लीतली. दमसास विचारू नकोस. पण नदीला भिंत कुठली? धार तिरकी कापत जायचं, मान वर काढून काठ बघायचा, लागलं की लागलं. अंबाई टँकवर पहिल्यांदा स्पर्धेला उतरलो तेव्हा बाहेरगावची पोरं भिंतीजवळ कोलांटी मारून, पाय झाडून सुळकन निघून जायची. आपण कठडा धरणार, घाटाच्या पायरीला टेकल्यासारखा दम घेणार आणि मग वळणार. अंगात जोर त्यांच्यापेक्षा जास्त आणि नंबर शेवटनं दुसरा.

मास्तरांनी मग अख्खा उन्हाळा पोहणं सोडून वळणंच घोटून घेतली. तळाची काळी पट्टी भिंतीच्या २ मीटर अलीकडं संपते, तिथं आडवी रेघ असते. ती दिसली की डोकं आत. किती जणांच्या नाकातनं पाणी जाऊन डोळ्यांत आलं! तिथनं सायकली हाणत गंगावेशीत. हाताला क्लोरीनचा वास आणि पेल्यात म्हशीचं धारोष्ण दूध, अजून ते दोन वास माझ्या डोक्यात एकत्रच येतात.

तुझं मात्र वेगळं. तू पाठीवर पोहणारा, तुला रेघ दिसणार कशी? त्यासाठी भिंतीच्या ५ मीटर अलीकडं वर झेंडे लावतात, तिथनं हात मोजायचे, हे आपल्याला कुणाला ठाऊकच नव्हतं. तुझं डोकं आपटलं, तीन टाके पडले, तेव्हा मास्तरांनी चौकशी केली. दुसऱ्या दिवशी गणपतीच्या मांडवातल्या पताका टँकवर! महिनाभर 'मोरया' म्हणून चिडवत होते तुला.

पुढचं तुला माहीत आहेच. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे १६ व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० ला ग्वांगझूमध्ये ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ आणलं, खजान सिंगनंतर २४ वर्षांनी आशियाई स्पर्धेतलं भारताचं पोहण्यातलं पदक. आपल्या क्लबचा त्यात काडीचा वाटा नाही. स्मरणिकेत तसं सूचित करायचा काहींचा बेत होता, तो मी हाणून पाडला. गंमत एवढीच, की ५० मीटरच्या टँकात ५० मीटरला वळणच नसतं. कोल्हापूरकराला अगदी सोयीचं! आणि २०१८ ला जकार्तात त्याच पल्ल्याला, पण फ्रीस्टाइलमध्ये, तो चौथा आला. त्याची वेळ २२.४७, तिसऱ्या जपान्याची २२.४६. एक शतांश सेकंद. टीव्हीसमोर मी उठून उभा राहिलो. बायको म्हणाली, पाणी देऊ का? तिला काय सांगणार, मला कोणाची आठवण झाली ते.

आता मूळ मुद्दा. ज्या दिवशी तुझं डोकं आपटलं ती जिल्ह्याची निवड चाचणी होती, आठवतंय ना? तुझ्या लेनवर तीन घड्याळं होती. एकात १ मिनिट १२.४, एकात १३.०, आणि माझ्या हातातल्यात १२.७. तिन्ही वेगळी आली की मधली वेळ धरतात, म्हणून माझी धरली. १२.५ वाला गेला, तू राहिलास. दिल्या, तुझं डोकं खाडकन वाजलं तेव्हा मी वाकून बघितलं रे. अंगठा नंतर दाबला. किती नंतर, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यावेळी बोललो असतो तर काय झालं असतं माहीत नाही, पण बोललो नाही. तुला टाके घालताना शेजारीच बसलो होतो, तरीही.

स्मरणिकेत शेवटी क्लबच्या रेकॉर्डांचा तक्ता आहे. १०० मीटर बॅकस्ट्रोकला अजून तुझंच नाव येतं. रजिस्टरातला आकडा पाण्यात गेलाय, त्यामुळे मी लिहीन तो छापला जाईल. १२.७ घालू की १२.४? की ती जागा कोरीच ठेवू?

वहिनींना नमस्कार. उत्तर ३० तारखेच्या आत पाठव, प्रेसवाला थांबणार नाही.

तुझाच,
बाळ्या