झाडीपट्टीत शिबिर घ्या, पण भादव्यात

माननीय संपादक,
स. न.

नाट्यशाळेत तीन वर्षे शिकलेल्या कलावंतांना झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगल आणि धानाच्या पट्ट्यात, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये करणाऱ्या मंडळींसोबत शिबिर घेऊन काम करावेसे वाटते, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अशी शिबिरे उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवली की गावात माणूसच सापडत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुले वेचायची असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा असतो. पाऊस लागला की धानाची रोवणी. दिवाळी ते होळी हा तर नाटकांचाच हंगाम. मोकळे दिवस मिळतात ते रोवणी आटोपल्यापासून कापणी लागेपर्यंत. म्हणून शिबिर भादव्यातच घ्यावे.

शिकवायचे काय, हा त्याहून अवघड प्रश्न. नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर लंडनच्या रॉयल अकॅडमी या नाट्यशाळेत शिकून परतले आणि १९५८ मध्ये ‘मिट्टी की गाडी’ या नाटकासाठी त्यांनी नाचा हे छत्तीसगडचे लोकनाट्य करणाऱ्या सहा कलावंतांना दिल्लीला आणले. पुढची बरीच वर्षे ही माणसे रंगमंचावर अवघडल्यासारखी का वाटतात, हे तन्वीरांना उमगत नव्हते. दोन चुका होत होत्या, आणि त्या त्यांनी पुढे स्वतःच सांगितल्या. एक, कलावंतांना मायबोली सोडून हिंदी बोलायला लावणे. दुसरी, ‘इथून तिरके या, इथे थांबा, मग वाक्य बोला’ अशी आखणी. नाचाचा नट तिन्ही बाजूंना बसलेल्या लोकांत खेळतो. जिकडून दाद येते तिकडे वळतो. त्याला पावले मोजायला लावली की विनोदाची वेळ हुकते. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याने आखलेल्या हालचाली आणि परकी वाक्ये एकाच वेळी ध्यानात ठेवायची कशी? १९७३ च्या रायपूर शिबिरात तन्वीरांनी नाचातलेच तीन जुने प्रसंग घेतले, ते एका धाग्यात ओवले आणि संवाद कलावंतांना छत्तीसगढीत उत्स्फूर्त रचू दिले. तिथून पुढची वाट सापडली. १९७५ च्या ‘चरणदास चोर’ला १९८२ मध्ये एडिनबरोच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला आणि नाटक पुढे कित्येक वर्षे चालले. फिदाबाई, गोविंदराम निर्मलकर यांच्यासारख्या नाचा कलावंतांचे नाव झाले आणि शिकलेल्या दिग्दर्शकाची कारकीर्दही त्याच कामावर उभी राहिली.

आपल्याकडे हेच करायचे तर बारा कलावंत आणि वीस दिवस पुरतात. पहिले चार-पाच दिवस पाहुण्यांनी फक्त पाहावे. संहिता वाटू नये. कलावंत प्रसंग झाडीबोलीत, म्हणजे इथल्या मायबोलीत, रचतील. एकाने लिहून घ्यावे आणि रोज सायंकाळी सर्वांना वाचून दाखवावे. ढोलकीवाला पहिल्या दिवसापासून हवा. शेवटी ‘संगीत घालू’ म्हटले की ताल आणि हालचाल जुळत नाहीत. आवाज खाली आणायला सांगू नये, हे आम्ही मुद्दाम सांगतो. तो गळा उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी घडला आहे. प्रयोग शहरातल्या सभागृहात होणार असेल तर अखेरचे तीन दिवस तिथेच तालीम करावी. जागा पाहून नट आपला आवाज आपणच बेततो.

पैसे रोजच्या रोज हातात द्यावेत, बुडालेल्या मजुरीपेक्षा जास्त. अनुदान यायला वेळ लागतो. तोवर कलावंताने थांबायचे, हे बरोबर नाही. प्रमाणपत्राने किराणा भरत नाही. अनुदानासाठी नोंदणी आणि तपासलेले हिशेब लागतात, ते बहुतेक गावच्या मंडळांकडे नसतात. ती कागदपत्रे उभी करून देणे ही शिकलेल्यांची खरी मदत. आणि संवाद ज्यांनी रचले त्यांची नावे जाहिरातीत ‘लेखन’ म्हणून छापावीत, ‘सहभाग’ म्हणून नव्हे. प्रयोगाच्या मानधनात लेखनाचा वाटाही त्यांना मिळावा.

नाट्यशाळांना विनंती आहे की शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना एक पूर्ण हंगाम गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडशाच्या नाटक कंपन्यांकडे पाठवावे, कंपनीवर भार न टाकता, शाळेच्या खर्चाने. त्या हंगामात त्यांनी भूमिका मागू नये. पडदा ओढावा, प्रॉम्प्टिंग करावे, रात्रभर चालणारे नाटक विंगेतून पाहावे.

आपले,
पूर्व विदर्भातील काही नाट्यप्रशिक्षक आणि रंगकर्मी