ओसाकाहून मामाला

प्रिय मामा, सा. न.

मामी काल फोनवर म्हणाली की तू फोटो स्टुडिओला कुलूप लावायच्या गोष्टी करतोयस. त्यावर मी शहाणपणा शिकवणार नाही, पण एक सांगायचं राहून जातंय गेले कित्येक दिवस, व्हॉट्सॲपवर दोन ओळीत बसत नाही म्हणून पत्रच.

इथून ट्रेनने पाऊण तासात नारा येतं, तेच, रस्त्यात हरणं फिरतात ते. तिथली एक डायरेक्टर आहे, नाओमी कावासे. आईवडील वेगळे झालेले, आजीच्या बहिणीने वाढवलं, शाळेत असताना बास्केटबॉल खेळायची, आणि मग इथे ओसाकात फोटोग्राफीच्या कॉलेजात आली, १९८९ ला पास होऊन चार वर्षं तिथेच शिकवत होती. म्हणजे तुझ्याच लाइनची! पण हिने कॅमेरा घेऊन काय केलं तर न पाहिलेल्या बापाला शोधायला निघाली, जुने फोटो आणि कागदांवरचे पत्ते घेऊन, आणि त्या शोधाचीच फिल्म केली, १९९२ ला.

त्यानंतरची १९९४ ची तर अख्खी तिला वाढवणाऱ्या त्या आजीवरच. मला ती फार आवडली. आजी परसात वाटाणा लावते, शेंगा तोडते, बडबडते, बस एवढंच. एका ठिकाणी आजी बाहेर बागेत आहे आणि ही आतून खिडकीच्या काचेवर बोट फिरवते, जिथे आजी दिसतेय तिथे, आणि मग उठून बाहेर जाते आणि खरंच आजीच्या गालाला हात लावते, कॅमेरा चालूच. आठ एमएमची रीळ तीन-सव्वातीन मिनिटांत संपते मामा, तू छत्तीसचा रोल जपून वापरायचास तसंच ते, तरी तिने त्यातली मिनिटं गाल दाखवायला घातली.

पुढे १९९७ ला पहिला मोठा सिनेमा, नाराच्या डोंगरातल्या गावात, जिथे रेल्वे येणार येणार म्हणून बोगदा खणला आणि गाडी काही आलीच नाही. नट एकच व्यावसायिक, बाकी सगळी साधी माणसं. त्याला फ्रान्समधल्या कान्सच्या फिल्म फेस्टिव्हलला पहिल्या सिनेमाचं बक्षीस मिळालं, तेव्हा ती २७ वर्षांची, एवढ्या कमी वयात ते कुणालाच मिळालं नव्हतं. २००७ ला तिथेच दुसऱ्या एका सिनेमाला ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या नंबरचं बक्षीस. सगळेच सिनेमे मला झेपत नाहीत हां, एकदोन ठिकाणी झाडं हलताना बघत मी चक्क झोपलो. पण २०१५ चा 'आन' आईला नक्की दाखव, त्यात एक म्हातारी लाल चवळीसारख्या दाण्यांचं पुरण शिजवते आणि दाण्यांशी बोलते, कुष्ठरोग झाला म्हणून आयुष्यभर वस्तीबाहेर ठेवलेली बाई. पुरण आपल्यापेक्षा गोड, आई नावं ठेवेल.

तर सांगायचं ते हे. तू हजारभर लग्नं शूट केलीस, अख्ख्या कराडच्या वरमाला तुझ्याकडे आहेत, आणि आपल्या आजीचा तुझ्याकडे फोटो कुठला, तर आधारसाठी काढलेला पासपोर्ट साइज, त्यातही डोळे अर्धवट मिटलेले.

आता वालाच्या शेंगा आल्या असतील. ती ओट्यावर बसून सोलत असेल आणि मामीला शिव्या घालत असेल. जाऊन बस समोर. काही बोलायला लावू नकोस, नुसतं चालू ठेव. तो जुना हँडीकॅम चार्ज होत नसेल तर मोबाइलवर काढ, पण आडवा धर, एवढी वर्षं धंद्यात असून उभा धरतोस.

तुझा,
बंड्या