बाबा, या वेळी सीट कुणाला देऊ नका

ती. बाबा आणि आई,
सा. न.

तिकिटं काढली. कालच्या व्हिडिओ कॉलवर बाबांनी "किती पडले?" एवढंच चार वेळा विचारलं आणि आईने "थेट विमान का नाही घेतलंस?" म्हणून गाल फुगवले. म्हणून हे सविस्तर लिहितेय. छापून घ्या, चष्मा लावून वाचा.

मागच्या खेपेचं मी अजून विसरलेले नाही. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कच्या विमानतळावर दारातून बाबा बाहेर आले ते पायात नुसते मोजे आणि हातात बूट! पाय इतके सुजले होते की बूट चढेनात. मी त्यांना पॅसेजची सीट बघून दिली होती. ती त्यांनी विमानात शिरल्या शिरल्या एका नव्या जोडप्याला देऊन टाकली, "त्यांना शेजारी बसायचं होतं गं." मग पंधरा-सोळा तास मधल्या सीटवर, दोन्हीकडे झोपलेली माणसं, त्यांना उठवायचं कसं म्हणून बाबा बाथरूमलासुद्धा दोनदाच गेले. सांगली-तासगाव एसटीत तीस वर्षं लोकांना जागा दिलीत, मान्य. तो प्रवास पाऊण तासाचा होता.

म्हणून या वेळी फ्रँकफर्टवरून. मुंबईहून तिथवर नऊएक तास, मध्ये साडेतीन तास, मग न्यूयॉर्कपर्यंत आणखी साडेआठ-नऊ. आई, एकूण वेळ जास्त जातो हे खरं, पण मधले साडेतीन तास पायांचे आहेत. सरळ चालायला मिळतं, नळाखाली तोंड धुता येतं. पाय पसरायला एवढी मोठी जागा कुठलंच विमान देत नाही.

आता सीटांचं. विमान कंपन्या "पिच ३१ इंच" असं लिहितात. ते काही पाय पसरायला ३१ इंच नव्हेत. पुढच्या सीटवरचा एक बिंदू आणि तुमच्या सीटवरचा तोच बिंदू यांतलं ते अंतर. सीटची जाडी त्यातच जाते. गेल्या रविवारी मी जेवणाच्या दोन खुर्च्या एकामागे एक ठेवून टेपने मोजलं आणि जावईबापूंना बसवलं. ते उंचीला बाबांएवढेच. ३१ वर त्यांचे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले. ३४ वर मध्ये माझी चार बोटं आडवी गेली. या चार बोटांचे मी पैसे भरलेत, फक्त पहिल्या विमानात, कारण ती रात्र आहे आणि झोपायचं आहे. किती ते विचारू नका, दिवाळीची साडी नको म्हणून आई आधीच सांगून बसली आहे, त्यातून वळते केलेत असं समजा.

"इमर्जन्सी दरवाजापाशी ऐसपैस जागा असते, शेजारच्या काकांना मिळाली होती," असं बाबा म्हणाले. असते, खरंच. पण वेळ आली तर तिथे बसणाऱ्याने इतरांना बाहेर काढायला हात लावायचा असतो, म्हणून धडधाकट माणसालाच ती देतात. आईसाठी व्हीलचेअर मागितली आहे; व्हीलचेअरवाल्याला ती ओळ मिळत नाही. बाबांचा गुडघा पाहूनही कुणी देणार नाही, आणि तुम्ही लपवून बसलात तर मीच फोन करून सांगेन. (व्हीलचेअरवरून पुन्हा वाद नको, आई. तू आजारी आहेस म्हणून नाही, मुंबईच्या त्या टर्मिनलमध्ये गेट गाठेपर्यंत चालून चालून जीव जातो म्हणून.)

पुढे भिंत असलेली पहिली ओळही मी सोडली. समोरची सीट मागे कलत नाही एवढंच तिचं सुख. पण पाय लांब करायला जावं तर भिंत आडवी येते, टीव्ही आणि ट्रे सीटच्या हातात (कोपर टेकायच्या दांड्यात) बसवलेले असल्यामुळे दोन सीटमधला हात वर होत नाही, पर्स पायाशी ठेवू देत नाहीत, आणि बाळांचे पाळणे तिथेच लावतात. आई रात्रभर कुणाचं तरी बाळ खेळवत बसली असती.

तर पहिल्या विमानात तीन-तीन-तीनच्या रांगा आहेत. बाबांना २२ सी, आईला २२ डी. शेजारी नाही, मध्ये पॅसेज. चिडू नका, मुद्दाम केलंय. सी च्या उजव्या हाताला पॅसेज येतो, आणि बाबांचा दुखरा गुडघा उजवा. तो अधूनमधून बाहेर सरळ करता येईल. खाण्याची गाडी आली की मात्र आत घ्या, ती घोट्याला फार लागते. कोणालाही न उठवता दोघांनाही उठता येईल आणि एकमेकांवर नजरही राहील. पॅसेजकडच्या हाताखाली, पार मागे बिजागरीपाशी, बऱ्याच विमानांत एक लपलेली कळ असते. ती दाबली की हात वर जातो. विमान उडताना-उतरताना तो खाली पाहिजे, एरवी वर ठेवा.

दुसऱ्या विमानात दोन-चार-दोन आहे, म्हणून कडेच्या दोन सीटा: आई खिडकीशी, बाबा पुन्हा सी. तिथे बी नसते, ए नंतर एकदम सी. शोधत बसू नका.

आता खरी गोष्ट, आणि ती आईला उद्देशून. मागच्या वेळी तुझ्या पायाशी ती निळी पिशवी होती ना, भाजणी, चकल्या, मेतकूट आणि वरून शाल? पुढच्या सीटखालची जागा बॅगेची म्हणतात, पण पाय लांब होतात ते तिथेच. आपणच ती भरून टाकतो आणि मग विमानाला नावं ठेवतो. या वेळी ती पिशवी वरच्या कप्प्यात. पायाशी फक्त तुझी पर्स: गोळ्या, चष्मा, पासपोर्ट. लोणचं तर हातातल्या सामानात नकोच, मोठ्या बॅगेत टाक. आणि बाबा, समोरच्या खिशात पेपर, बाटली, चष्म्याचं घर असं कोंबू नका. तो खिसा नेमका गुडघ्यासमोर येतो, भरला की इंचभर जागा गेलीच.

पुढचा माणूस सीट मागे घेणार, तो त्याचा हक्क. जेवताना मात्र "प्लीज" म्हणून सरळ करायला सांगायचं, किंवा हवाईसुंदरीला सांगायचं. भांडायचं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत एकाने पुढची सीट कलू नये म्हणून प्लॅस्टिकची खुंटी लावली, भांडण जुंपलं, पाणी फेकलं गेलं आणि डेन्व्हरला निघालेलं विमान शिकागोला उतरवावं लागलं.

दर दीड-दोन तासांनी उठा. बसल्या बसल्या टाचा वर, चवडे वर, वीस वेळा. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं, बसून राहिलं की पायातच साचतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाप्रमाणे चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की नसेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मग ते विमान असो, रेल्वे असो की एसटी. घाबरू नका, निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक एवढाच येतो. पण बाबांच्या पायाला व्हेरिकोजच्या नसा आहेत, तेव्हा घट्ट मोज्यांचं डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा आणि माप देऊन घ्या. पाणी पीत राहा. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी टाळायचं ही तुमची युक्ती मला ठाऊक आहे.

वेब चेक-इन मी इथून करेन. तुम्हीच शिकवलंत ना, स्टँडवर बस लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. हा तोच रुमाल. आदल्या दिवशी कधीकधी विमान बदलतात आणि सीटा विस्कटतात, म्हणून मी पुन्हा बघेन. काउंटरवर कुणी "थोडं बदलतो" म्हणालं तर "मुलीला विचारतो" म्हणायचं आणि मला फोन लावायचा. तेव्हा इथे किती वाजलेत याचा हिशोब करत बसू नका.

आणि कुणी हसतमुख जोडपं आलंच, तर बाबा, गुडघ्याकडे बोट दाखवा.

तुमची,
चिमी

ता. क. बूट नकोत. मागे पट्टा असलेल्या त्या तपकिरी चपला घाला, पट्टा सैल करता येतो.