पंधरा इंची गेला, बारा इंची आले

पुणे, रविवार सकाळ

प्रिय बंड्या,

तुझा जन्माचा वैरी अखेर घरातून गेला. बेस गिटारचं पंधरा इंची कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं, विकलं. ते ४० किलोचं धूड आपण तीन जिने चढवायचो आणि दुसऱ्या मजल्यावर टेकून तू दर वेळी म्हणायचास, "लेका, बासरी शिकला असतास तर काय बिघडलं असतं?" घेणारा पोरगा एकटाच आला होता. टेम्पोत चढवताना त्याचं तोंड बघून तुझीच आठवण झाली.

त्याच्या जागी बारा इंची दोन आणलीत. निओडिमियमचं मॅग्नेट, त्यामुळे एकेक १५ किलोच्या आत. दोन हातांत दोन घेऊन वर आलो, आणि खोटं कशाला सांगू, हौसेने पुन्हा एकदा खाली-वर केलं.

पहिल्या रात्री मात्र तोंडचं पाणी पळालं. ओपन ई, म्हणजे बोट न दाबता सगळ्यात जाड तार, वाजवला तर अख्खी खोली घुमली, कपाटाची काच थरथरायला लागली. ए वाजवला, तेच. डी वाजवला तर एकदम मरतुकडा. म्हटलं, पैसे पाण्यात. दुकानदाराला फोन लावणार होतो, पण आधी पुतण्याच्या हातात बेस दिला, त्याला नुसता ई वाजवत बसवला आणि खोलीभर फिरलो. मधोमध उभा राहिलो तर ई जवळजवळ गायब! भिंतीला पाठ लावली की पोटात घुमतोय. मग टेप काढली. खोली १४ फूट बाय १०. ई म्हणजे ४१ हर्ट्झ, त्याची अर्धी तरंगलांबी साधारण पावणेचौदा फूट. ए ५५ हर्ट्झ, त्याची सव्वादहा. खोलीची लांबी किंवा रुंदी सुराच्या अर्ध्या तरंगलांबीएवढी भरली की तो सूर घुमतो. म्हणजे बिल्डरने माझी खोली ई आणि ए सुरात लावून दिलीये, आणि मी शिव्या देतोय स्पीकरला. जुनं धूड कोपऱ्यात मावायचंच नाही. ही आटोपशीर म्हणून मीच कोपऱ्यात सारली होती, आणि तिथे घुमणं आणखी वाढतं. आता भिंतीपासून हातभर पुढे आणून एकावर एक ठेवलीत. वरचं थेट कानाशी बोलतं. इतकी वर्षं मी माझ्या पोटऱ्यांना बेस ऐकवत होतो.

टोनची गोष्ट त्याहून वाईट. घरी, हळू आवाजात, जुन्याच सवयीने ॲम्पचे नॉब घड्याळाच्या काट्यासारखे, बेस (खालचा आवाज) तीनवर म्हणजे वाढवलेला, मिड (मधला आवाज) नऊवर म्हणजे कापलेला. झकास वाटलं. परवा कार्यक्रमात तेच लावून उभा राहिलो आणि दुसऱ्या गाण्यात मी स्टेजवर आहे की नाही हे मलाच कळेना. कीबोर्डवाल्याचा डावा हात, ऑक्टोपॅडची किक, सगळे खालीच दाटीवाटीने बसलेले. मी बेस आणखी वाढवला, ॲम्पचा लाल दिवा लुकलुकायला लागला, चिखल मात्र तेवढाच. मध्यंतरात सगळे नॉब बारावर आणले. मग बेस थोडा खाली आणि ४००-५०० हर्ट्झच्या आसपास मिड वर. एकट्याने वाजवून पाहिलं तर नाकातून बोलल्यासारखा आवाज, अगदी ओंगळ. पण ढोलकी सुरू झाली आणि एकेक सूर मोजून घ्यावा असा ऐकू आला. ४१ हर्ट्झला कान तसाही मंदच असतो रे, सूर ओळखतो तो त्याच्या वरच्या स्वरांवरून, आणि तेच मी इतकी वर्षं कापत होतो.

अजून एक कबुली. या कॅबिनेटांना ट्वीटर, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाजाचा छोटा स्पीकर, आहे. माझी बोटं तारेवरून सरकताना होणारी खरखर, फ्रेटच्या पट्ट्यांवरचा टक्‌टक् आवाज, सगळं चव्हाट्यावर. आपला हात स्वच्छ आहे अशी माझी समजूत होती. जुन्या डब्याने ती पोसली. मागचा नॉब फिरवून ट्वीटर पार बंद केला. दोन दिवसांनी लाज वाटून अर्ध्यावर आणला. आता रोज रात्री डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलायचं कसं, हे पहिल्या इयत्तेपासून गिरवतोय. बायको म्हणते, हल्ली तू एकच सूर वाजवतोस.

तू ये एकदा. उचलायला काही नाही, नुसता ऐकायला ये.

तुझाच,
दिल्या

ता. क. जुनं तिसरं म्हणून जोडून ठेवावं असं मनात आलं होतं. पण तिन्ही ८ ओहम रोधाची, आणि समांतर जोडली की रोध घटतो. दोन जोडली की ४, तिसरं लावलं की पावणेतीनच्याही खाली, आणि माझा ॲम्प ४ च्या खाली चालत नाही. त्या जुन्या धुडाचं एक चाक मात्र ड्रॉवरमध्ये सापडलं. तुझ्या पायावर पडलं तेव्हा निखळलेलं. देऊन टाकायचं विसरलो.